राखणीचं कुत्रं उकिरड्यावर का जातं?
घाणेरड्या खाण्याची सवय नुसती किळसवाणी नाही. तिचा हिशेब गोठ्यात आणि दवाखान्यात द्यावा लागतो

टेंभुर्णी (ता. जाफराबाद) : ओसरीवर पाहुणे बसलेले असतात. चहाच्या कपबशा नुकत्याच हातात आलेल्या असतात. तेवढ्यात घरचं कुत्रं उकिरड्यावरून येतं. तोंड बरबटलेलं, शेपूट हालतंय. ते सरळ पोराच्या अंगावर झेप घेतं आणि त्याचं तोंड चाटायला लागतं. पाहुणे दुसरीकडे बघतात, घरची बाई ओरडते आणि घरधनी पायातली वहाण काढून कुत्र्याच्या मागे लागतो. वाचकहो, हा प्रसंग तुमच्या घरी घडला नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. टेंभुर्णी असो, जाफराबाद असो की भोकरदन, ज्याच्या शेतवस्तीवर कुत्रं आहे त्याने हे कधी ना कधी पाहिलेलंच असतं.

कुत्रं विष्ठा खातं, मेलेलं ढोर ओढतं, गाय व्याली की जार पळवतं, कोंबडीची अंडी फोडतं. याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. बोललंच तर पारावर बसलेले एखादे आबा म्हणतात, "अहो, कुत्र्याची जातच ती. त्याला तुपात घोळून घास घाला, त्याची नजर उकिरड्यावरच." एवढं बोलून विषय संपतो. पण तो संपवून चालणार नाही. या सवयीपायी गाय गाभडू शकते, मेंढी वाया जाऊ शकते, माणसाच्या काळजावर म्हणजे यकृतावर पाण्याची गाठ धरू शकते. आणि काही वेळा कुत्र्याचं असं विचित्र खाणं ही पिसाळण्याची पहिली खूण असते. म्हणून आज या न बोलायच्या विषयावर थोडं बोलू.

कुत्रं असं का करतं?

पहिली गोष्ट अशी की, सगळ्या कुत्र्यांचं कारण एक नसतं. व्यालेली कुत्री पिल्लांची घाण चाटून साफ करते. ती तिची आईपणाची रीत आहे, तिला हाणू नका. पिल्लं तर दिसेल ते तोंडात घालतात. मोठी झाली की पुष्कळांची ही खोड आपोआप सुटते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी हजारो पाळीव कुत्र्यांची माहिती गोळा करून २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १६ टक्के, म्हणजे साधारण सहातलं एक कुत्रं, नेहमी विष्ठा खाताना दिसलेलं होतं. तीही बहुतेक ताजी, दोन दिवसांच्या आतली. हावरट, अधाशी खाणाऱ्या कुत्र्यांत आणि एकापेक्षा जास्त कुत्री असलेल्या घरांत ही सवय जास्त आढळली. संशोधकांचा तर्क असा की, कुत्र्याचा पूर्वज लांडगा. त्याच्या गुहेजवळ आजारी जनावराची घाण पडली तर त्यातली जंतांची अंडी काही दिवसांनी बाधक होतात. त्याआधीच ती खाऊन जागा साफ करायची, ही जुनी रीत कुत्र्याच्या अंगात उरली असावी. म्हणजे आपल्या डोळ्यांना जी घाण, ती त्याच्या लेखी घरची स्वच्छता!

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली. ही खोड मोडण्यासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि भुकट्यांचा गुण जवळपास शून्य होता. तेव्हा अशा डब्यावर पैसे घालू नका.

मात्र आपल्याकडचं निम्मं दुखणं वेगळंच आहे. ते आहे भूक. राखणीच्या कुत्र्याला आपण काय घालतो? रात्रीची शिळी भाकरी, तीही उरली तर. ज्या दिवशी उरली नाही त्या दिवशी कुत्र्याने त्याचं त्याने बघावं, असा आपला व्यवहार. कुत्रं भाकरी पचवतं, यात शंका नाही. माणसाच्या संगतीत हजारो वर्षं राहून त्याच्या पोटाने पीठ पचवायची ताकद लांडग्यापेक्षा कितीतरी वाढवली आहे, हे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. पण नुसत्या भाकरीत त्याला लागणारी प्रथिनं आणि चरबी पुरेशी मिळत नाही. वर पोटात जंत असतील तर खाल्लेलं जंतांच्याच अंगी लागतं. असं कुत्रं उकिरड्यावर जाणार नाही तर कुठे जाईल?

आणखी एक कारण आपणच तयार करतो. कुत्र्याने अंगणात घाण केली की त्याचं नाक त्यात घासायचं आणि वर काठी घालायची. कुत्रं यातून एवढंच शिकतं की, घाण दिसली तर मार बसतो. मग ते मालक यायच्या आत ती खाऊन टाकतं. आपण म्हणतो खोड वाढली. वाढवली कोणी?

जार पळवलं, गाय गाभडली

आता गोठ्याकडे या. गाय किंवा म्हैस व्याली की जार पडायची वाट बघतो. जार पडलं की गडी ते उचलून बांधावर किंवा ओढ्यात फेकतो आणि कुत्रं ते ओढत नेतं. गाभडलेलं वासरूही असंच टाकलं जातं. इथेच मोठी चूक होते.

गुरं गाभडण्याच्या कारणांत निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. बाधित गाईचं जार किंवा गाभडलेला गर्भ कुत्र्याने खाल्ला की त्याला लागण होते. मग त्याच्या विष्ठेतून त्या परजीवीची बीजं बाहेर पडतात. तेच कुत्रं कडब्याच्या गंजीवर बसतं, मुरघासाच्या खड्ड्याजवळ घाण करतं, हौदाजवळ फिरतं. चाऱ्यापाण्यातून बीजं दुसऱ्या गाईच्या पोटात जातात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात ती गाभडते. आपण नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधतो आणि कुत्रं गंजीवर निवांत झोपलेलं असतं.

दुसरा आजार ब्रुसेल्लोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. यात जारात आणि गर्भात जंतू खच्चून भरलेले असतात. कुत्र्याने ते गावभर ओढलं की जंतूही गावभर पसरतात. हा आजार माणसालाही होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, कामाची उमेद राहत नाही. म्हणून गाभडलेलं वासरू आणि जार उघड्या हाताने उचलू नका. हातात मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. तीन-चार फूट खड्डा काढा, चुना टाका, पुरा आणि वर दगड ठेवा. केंद्र सरकारच्या २०१९ पासूनच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना ब्रुसेल्लोसिसची लस दिली जाते. ती आयुष्यात एकदाच द्यायची आहे. तुमच्या कालवडीचं वय निघून जाण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

पाण्याची गाठ

बोकड किंवा मेंढी कापली की काळीज, फुफ्फुस तपासताना कधीकधी त्यावर पाण्याने भरलेला पांढरट फुगा दिसतो. कापणारा तो भाग काढतो आणि सवयीने बाहेर बसलेल्या कुत्र्याकडे फेकतो. कुत्रं तो हवेतच झेलतं. सगळ्यांना वाटतं, वाया जाण्यापेक्षा मुक्या जनावराच्या पोटात गेलं. पण त्या एका तुकड्याने आजाराचं सगळं चाक फिरायला लागतं.

त्या फुग्यात हायडॅटिड नावाच्या फितीसारख्या कृमीची पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात साधारण दीड महिन्यात त्यांचे बारीक जंत तयार होतात. लांबी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. कुत्रं अगदी ठणठणीत दिसतं. पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडत राहतात. ती अंडी गवतावर, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात, पाण्यात आणि कुत्र्याच्या अंगावरच्या केसांना लागतात. तिथून मेंढी-शेळीच्या पोटात गेली की पुन्हा गाठ. माणसाच्या पोटात गेली की माणसालाही गाठ, बहुतेक वेळा यकृतात, नाहीतर फुफ्फुसात. ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. दुखायला लागते तेव्हा ती लिंबापेक्षा मोठी झालेली असते, आणि पुष्कळदा ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. पोटात फुटली तर जिवावर बेतते.

एक लक्षात घ्या. मटण खाऊन ही गाठ होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने होते. त्यामुळे माळकरी घरातल्या माणसालाही ती होऊ शकते.

मेंढपाळ बांधवांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. कळपातली एखादी मेंढी एकाच बाजूला गरगर फिरायला लागते, मान वाकडी करते, आंधळ्यासारखी आदळते. तिच्या मेंदूत अशाच दुसऱ्या एका कृमीची गाठ झालेली असते. अशी मेंढी कापली आणि तिचं मुंडकं कळपाच्या कुत्र्याला टाकलं, तर पुढच्या मेंढ्यांच्या आजाराची पेरणी आपणच केली असं समजा.

यावर उपाय नाही असं नाही. युरोपच्या वर टोकाला आइसलँड नावाचं बेट आहे. मेंढ्यांवर जगणारा देश, घरोघरी कुत्री. १९ व्या शतकात तिथे या पाण्याच्या गाठींनी उच्छाद मांडला होता. हाराल्ड क्राबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती लोकांना फुकट वाटली. सांगणं अगदी सोपं होतं : गाठी असलेलं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला देऊ नका, जाळा किंवा पुरा, कुत्र्याचे जंत पाडा, मुलांना कुत्र्याच्या फार जवळ जाऊ देऊ नका. लोकांनी ऐकलं, पुढे कायदेही झाले, आणि काही दशकांत रोग हटत गेला. ना मोठं यंत्र, ना मोठा खर्च. जे आइसलँडच्या मेंढपाळांनी दीडशे वर्षांपूर्वी केलं, ते जाफराबाद तालुक्यात का होऊ नये?

गिधाडं गेली, कुत्री आली

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. दुखणाऱ्या गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्यावरही घातली. पण गेलेली गिधाडं काही परत आली नाहीत. त्यांच्या पानावर आता कुत्री बसली. मेलेल्या ढोरावर पोसलेली ही कुत्री टोळीने राहतात, शेळ्या-करडांवर जातात, आणि आपलं राखणीचं कुत्रंही त्यांच्या संगतीला लागतं.

मेलेल्या ढोरात धोका एकच नाही. ढोर अचानक मेलं, पोट फुगलं आणि नाका-तोंडातून काळं रक्त आलं, तर तो फाशी रोग असू शकतो. असं ढोर कापायचं नाही, कातडं काढायचं नाही, कुत्र्याला ओढू द्यायचं नाही. आधी पशुवैद्यकाला कळवायचं.

विषाचंही तसंच आहे. मक्यात रानडुकरं शिरतात म्हणून कुणी विषारी आमिष ठेवतो. घरात उंदीर झाले म्हणून औषध टाकतो आणि मेलेले उंदीर उकिरड्यावर फेकतो. पहिला बळी जातो तो राखणीच्या कुत्र्याचा. कुत्रं लाळ गाळायला लागलं, थरथरलं, झटके आले तर तेल-मीठ पाजत बसू नका. विषाची पुडी किंवा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. उपद्रव होतो म्हणून जाणूनबुजून कुत्र्याला विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कुत्र्याचं नेहमीचं घाणेरडं खाणं वेगळं आणि अचानक सुरू झालेलं खाणं वेगळं. कालपर्यंत नीट असलेलं कुत्रं एकाएकी माती, दगड, काटक्या, चिंध्या गिळायला लागलं, कोपऱ्यात लपायला लागलं, विनाकारण अंगावर यायला लागलं, त्याचा आवाज बदलला, तर ते पिसाळलेलं असू शकतं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे, काही पिसाळलेली कुत्री चावत नाहीत. ती सुस्त पडून राहतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, घशात हाड अडकलंय. भला माणूस त्याच्या तोंडात हात घालून हाड शोधतो. हाड नसतं. पण हाताला दात लागतो, नाहीतर जुन्या जखमेला लाळ लागते. कुत्रं चार-आठ दिवसांत मरतं आणि माणूस विसरून जातो. रोगाची लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, आणि एकदा दिसल्यावर इलाज जवळजवळ नाहीच. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यामुळे होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेला त्याची लाळ लागली, तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही भरू नका. मंत्र-दोऱ्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पूर्वी पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागत, त्या भीतीने लोक जात नसत. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात दिली जाते, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही एक. जखम रक्ताळलेली असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं सीरम लागतं, ते आवर्जून विचारा. ठरलेला एकही डोस चुकवू नका.

घरी काय करायचं?

शहाणपणाने वागलं तर कुत्र्याची सवय पुष्कळ कमी होते. त्यासाठी एवढं करा.

पहिलं, पोटभर आणि वेळेवर खायला घाला. दिवसातून दोनदा, ठरलेल्या भांड्यात. भाकरी ताकात किंवा वरणात कुस्करा, जमेल तेव्हा उकडलेलं अंडं किंवा उकळलेलं काळीज घाला. कच्चं काळीज-फुफ्फुस कधीच नको. अर्धा-पाऊण तास चांगलं उकळा. गाठी दिसल्या तर उकळूनही नको, पुरून टाका. कोंबडीची शिजवलेली हाडं घालू नका, ती सुईसारखी फुटून आतड्यात टोचतात. कांदाही कुत्र्याला बाधतो.

दुसरं, जंत पाडा. पिल्लाला दोन-तीन आठवड्यांचं असल्यापासून, मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. फितीसारख्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे औषध लागतं. नेहमीच्या प्रत्येक जंताच्या गोळीत ते असतंच असं नाही. कुत्र्याच्या वजनावर मात्रा ठरते, म्हणून पशुवैद्यकाला विचारूनच द्या. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा खोल पुरा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा आणि दरवर्षी टोचत राहा.

तिसरं, संधीच देऊ नका. अंगणातली घाण ताबडतोब उचला. अंडी सकाळ-संध्याकाळ गोळा करा, खुराडं उंचावर बांधा. लहान पोरांचे वापरलेले डायपर उकिरड्यावर फेकू नका.

चौथं, शिकवा. घाणीकडे गेलं की ओरडत मागे धावू नका. त्याला तो खेळ वाटतो किंवा ते घाईने गिळतं. शांतपणे नाव घेऊन हाक मारा, आलं की भाकरीचा तुकडा द्या. रोज हेच केलं तर हाक ऐकून वळायची सवय लागते. पाळी घालताना बैलाला मुसकं घालतो ना? तसंच तारेचं जाळीदार मुसकं कुत्र्यालाही मिळतं. गाय व्यायच्या दिवसांत किंवा बाहेर नेताना ते घाला. त्यात त्याला जीभ बाहेर काढता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे.

पाचवं, पोरांना शिकवा. कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही, हात लावला की साबणाने धुवायचे, रानातली मेथी-कोथिंबीर धुतल्याशिवाय तोंडात घालायची नाही. कुत्र्याचं भांडं वेगळं ठेवा. आणि भरपूर खायला मिळूनही कुत्रं वाळत असेल, चिकट-तेलकट संडास करत असेल, तर खोड म्हणून सोडू नका. तो पचनाचा आजार असू शकतो, दाखवून घ्या. पशुवैद्यकाचा फिरता दवाखाना १९६२ या क्रमांकावर बोलावता येतो.

ग्रामपंचायतीने काय करायचं?

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनो, हे सगळं एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. गावाबाहेर मेलेल्या ढोरांसाठी जागा ठरवा. ती विहिरी-ओढ्यापासून लांब असावी, खड्डा सहा फुटांहून खोल असावा, चुन्याची पोती तयार असावीत. आठवडी बाजारात मटण-कोंबडीच्या दुकानांमागे जे पडतं, ते झाकणाच्या पिंपात गोळा करून पुरायची सोय करा. वर्षातून एकदा पशुसंवर्धन विभागाला पत्र देऊन गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि जंतनिर्मूलन एकाच दिवशी घडवून आणा. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन त्यासाठी सोयीचा आहे. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात गावंच्या गावं झाडून निघाली होती. बांधलेले संडास वापरात राहिले आणि हागणदारी पुन्हा सुरू झाली नाही, तर कुत्र्याच्या तोंडची निम्मी घाण तिथेच संपते.

मराठवाड्यातल्या नरसीच्या नामदेव महाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी भाकरी कशी खाशील, म्हणून. आपण तूप नको घालूया. पण रात्रभर कापूस आणि मिरची राखणाऱ्या कुत्र्याला दोन वेळची ओली भाकरी, तीन महिन्यांनी जंताची गोळी आणि वर्षाला एक लस एवढं तर आपल्याला परवडतं. गोठ्यातली एक गाय गाभडली तर किती नुकसान होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. येत्या बाजाराच्या दिवशी कुत्र्याला दोरी बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा.